“कुठंही चालेल” म्हणणाऱ्या बाबांना पंचाहत्तरीला कुठे न्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. येत्या जानेवारीत बाबांना ७५ पूर्ण होतात. घर पुण्यात. बाबांचा उजवा गुडघा चार वर्षांपूर्वी बदललेला, मधुमेह आहे, तरी रोज सकाळी अर्धा तास चालतात. आई ७१ वर्षांची, तिला घाटात गाडी लागते. भाऊ न्यू जर्सीहून बायको आणि दोन मुलांना घेऊन येणार, मुलं १३ आणि ९ वर्षांची. बहीण नाशिकला. सगळे मिळून ११ जण, हाताशी सहा दिवस. भाऊ दुबई म्हणतो, बहीण काशी म्हणते, विचारणाऱ्या ताईंच्या मनात केरळ आहे. बाबा म्हणतात, “कुठंही चालेल, सगळे एकत्र असलो की झालं.” आणि प्रश्नाच्या अगदी शेवटी, जाता जाता, ताईंनी लिहिलंय की बाबा शाळेत इतिहास शिकवायचे, निवृत्तीनंतर मोडी लिपी शिकले आणि आता दिवसभर जुन्या कागदांत डोकं घालून बसतात, त्यामुळे त्यांना घराबाहेर काढणंच मुश्कील झालंय.

ताई, तुम्ही ज्या वाक्यात तक्रार केलीत त्याच वाक्यात तुमचं उत्तर आहे. पण त्याकडे नंतर येते. मी बावीस वर्षं पुण्यातून कुटुंबांच्या सहली आखते आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त कुणाच्या तरी एकसष्ठीच्या, पंचाहत्तरीच्या, सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने निघालेल्या असतात. त्यामुळे आधी “कुठंही चालेल”चं भाषांतर करून देते.

आपल्याकडच्या वडिलांच्या तोंडी या दोन शब्दांचा अर्थ बहुतेक वेळा “माझ्यामुळे तुमचा खोळंबा होईल, ते मला नको आहे” असा असतो. गुडघ्याचं ते बोलणार नाहीत. रात्री तीनदा उठावं लागतं हे जावयासमोर तर मुळीच नाही. त्यात तीन मुलांनी तीन गावं सुचवली की एकाची बाजू घेतली असं होऊ नये म्हणून ते आणखीच गप्प बसतात. तेव्हा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदान घेऊ नका. एखाद्या दुपारी चहाच्या वेळी एकट्यानेच त्यांच्याजवळ बसा. “कुठे जायचं?” असं विचारूच नका. “जायचं होतं आणि राहून गेलं असं कुठलं गाव आहे?” असं विचारा. पहिल्या झटक्यात “काही नाही गं” येईल. थांबा. दुसरा कप होईपर्यंत काहीतरी निघतं.

आता तुमची तिन्ही गावं बघू.

दुबईत वाईट काही नाही. मुंबईहून तीन-साडेतीन तासांचं विमान, सगळीकडे लिफ्ट, सपाट फरशी, जानेवारीत हवा छान. गुडघ्याच्या माणसाला खरं तर काशीपेक्षा दुबई सोपी. पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपुढे निदान सहा महिने चालणारा हवा. ज्येष्ठांचे पासपोर्ट कपाटात पडून संपलेले असतात, ते आजच काढून बघा. दुसरं, तिकडे औषधांचे नियम कडक आहेत. गुडघेदुखीवर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत ट्रामाडॉल किंवा कोडीन असतं, ती तिथे नियंत्रित औषधं आहेत आणि नुसत्या चिठ्ठीवर नेता येत नाहीत, आधी परवानगी काढावी लागते. पण माझी खरी अडचण निराळी आहे. मी अशा पाच-सहा पंचाहत्तऱ्या दुबईला पाठवल्या. परत आल्यावर फोटो मागवते, ती माझी सवय आहे. जवळपास प्रत्येक वेळी एक फोटो सारखाच येतो: आजोबा मॉलमधल्या बाकावर, दोन्ही बाजूंना खरेदीच्या पिशव्या. बुर्ज खलिफा ही ८२८ मीटर उंच इमारत नातवंडांनी बघितली आणि आजोबांनी पिशव्या सांभाळल्या. वाढदिवस कुणाचा होता हे त्या फोटोवरून ओळखता येत नाही.

काशीबद्दल तुमच्या बहिणीला सांगा की गाव योग्य, महिना चुकला. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानात दाट धुकं असतं. विमानं तासन् तास उशिरा सुटतात, रद्दही होतात, गाड्यांचंही तेच. सहा दिवसांतला दीड दिवस विमानतळाच्या खुर्चीवर गेला तर मधुमेह असलेल्या माणसाच्या जेवणाच्या वेळांचा बट्ट्याबोळ होतो. त्यात संक्रांत आणि प्रयागचा माघमेळा, म्हणजे गर्दी. घाटाच्या पायऱ्या उंच आहेत, सगळ्या एकसारख्या नाहीत आणि कठडा क्वचितच. नवा गुडघा पायऱ्या चढताना त्रास देत नाही एवढा उतरताना देतो, आणि घाटावर पाण्याकडे जायचं म्हणजे उतरायचं, तिथून हलणाऱ्या नावेत पाय टाकायचा. मंदिराभोवतीचा परिसर २०२१ मध्ये मोकळा केल्यापासून गल्लीबोळांतली चेंगराचेंगर कमी झाली हे खरं. काशी करायचीच असेल तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध धरा किंवा नोव्हेंबर, आणि नोव्हेंबरात देवदिवाळीचे दिवस सोडून. आजची काशी १७८०च्या सुमारास अहिल्याबाईंनी बांधलेल्या देवळाची आहे, इतिहासाच्या शिक्षकाला तिथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. म्हणून मी तिला नाही म्हणत नाही, फक्त जानेवारीला नाही म्हणते.

केरळ. तुमच्या डोक्यात मुन्नार आहे, हो ना? सगळ्यांच्या असतं. कोचीहून मुन्नार म्हणजे चार तास वळणंच वळणं. तुम्हीच लिहिलंय की आईला घाटात गाडी लागते, आणि तुम्हीच मुन्नार धरून बसलात! मुन्नार वगळून कोची, आलेप्पी आणि समुद्रकाठ असं केलंत तर केरळ हा तुमच्यासाठी चांगला दुसरा पर्याय आहे. हाऊसबोट रात्रभर फिरते असा समज असतो, तसं नसतं. संध्याकाळी मासेमारीची जाळी लागतात, त्याआधी बोट काठाला बांधतात. आजी-आजोबांना ते बरंच, रात्री स्वस्थ झोप लागते. बोटीत चढायची फळी तेवढी रुंद आहे का ते आधी विचारा.

मी स्वतः काय चूक केली तेही सांगते, कारण ती चूक अजून रोज कुणीतरी करतं. माझ्या आईच्या सत्तरीला मी तिला सिक्कीमला नेलं. हा धंदा करायला लागून तेव्हा मला चारच वर्षं झाली होती. आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचं ते वय. गंगटोक १,६५० मीटरवर, तिथे ती मजेत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी छांगू तलाव. चाळीसेक किलोमीटरचा रस्ता, पण तेवढ्यात आपण ३,७५० मीटरवर पोचतो. अडीच हजार मीटरच्या वर शरीराला सवय व्हायला वेळ द्यावा लागतो हे मला माहीत होतं. मी तो दिला नाही, कारण कार्यक्रमपत्रिकेत दुसऱ्या दिवशी तलाव छापलेला होता. तलावाशी आईला धाप लागली, ओठ निळसर दिसायला लागले. खाली आणल्यावर तासाभरात ती सावरली आणि “तलाव सुंदर होता गं” म्हणाली. ती तलावाकडे बघतच नव्हती, मी बघत होते तिच्याकडे. तेव्हापासून सत्तरीच्या पुढच्या माणसाला पहिल्यांदाच उंचावर न्यायचं असेल तर मी हृदयाच्या आणि श्वासाच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागते, आणि वाढदिवसासाठी लेह-लडाख, गुलमर्ग सुचवतच नाही. चारधाम तर जानेवारीत बंदच असतं, भाऊबीजेला केदारनाथाची कवाडं मिटतात.

(सिक्कीमचा विषय निघालाच आहे तर तुमच्या भावासाठी: त्यांची मुलं अमेरिकन नागरिक असतील, तर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी सीमेजवळच्या संरक्षित भागात जायला वेगळा परवाना लागतो, आणि नथु-ला खिंडीत तर भारतीय नागरिकांनाच सोडतात. असं कुटुंब अर्धं वर आणि अर्धं हॉटेलात राहिलेलं मी पाहिलंय. बाकी देशभर पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंची तिकिटं ओसीआय कार्डावर आपल्याच दरात मिळतात, तेव्हा कार्ड बरोबर ठेवायला सांगा.)

आता मी गाव कसं निवडते ते सांगते. लोक नकाशा उघडून बसतात. मी आधी माणसाचा एक साधा मंगळवार लिहून मागते. कितीला उठतात, पोट साफ व्हायला किती वेळ लागतो, नाश्ता किती वाजता, इन्सुलिन असेल तर कितीला, दुपारी झोपतात का, सलग किती वेळ बसू शकतात, किती मिनिटांनी बाथरूम शोधावं लागतं. हे विचारताना लोक हसतात. पण सहल हीच असते. सकाळी सातला गाडी सुटते असं पत्रकात लिहिलेलं असतं आणि आजोबांचं पोट साडेआठला साफ होतं, तर गाव कितीही सुंदर असू दे, त्यांचा दिवस कुंथण्यात जातो. तुमच्या बाबांचा मंगळवार मला तुम्ही लिहिलेल्यावरून असा दिसतो: सकाळी अर्धा तास चालणं, मग तीन-चार तास बसून वाचन, दुपारी झोप, संध्याकाळी माणसांत. म्हणजे सकाळी एक ठिकाण, सपाट जमिनीवर, मध्ये बसायला जागा असलेलं, दुपारी खोली, आणि संध्याकाळी सगळे एकत्र. दिवसाला यापेक्षा जास्त भरलंत तर तुमचा भाऊ खूश होईल आणि बाबा तिसऱ्या दिवशी “तुम्ही जा, मी खोलीवर थांबतो” म्हणतील.

दुसरी गोष्ट मला कळायला बरीच वर्षं लागली. रत्नागिरीजवळ कोकण रेल्वेच्या बांधकामावर काम केलेले एक निवृत्त अभियंते होते. त्यांच्या सत्तरीला मुलांना त्यांना सिंगापूरला न्यायचं होतं. व्हिसाच्या काही भानगडीने ते बारगळलं आणि ऐनवेळी आम्ही सगळ्यांना रेल्वेने रत्नागिरीला पाठवलं. करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला तसे आजोबा उभे राहिले आणि डब्यातल्या अंधारात नातवाला सांगत सुटले की इथे पाणी कुठून यायचं, माती कशी ढासळायची, पावसाळ्यात जेवण कसं पोचायचं. सुनेने मला नंतर सांगितलं, “लग्नाला चौदा वर्षं झाली, बाबांना इतकं बोलताना आम्ही पहिल्यांदा ऐकलं.” मिरजेला नर्सिंग शिकलेल्या एका आजींचंही असंच झालं. मिरजेला कुणी सहलीला जातं का? त्या गेल्या, आणि दोन दिवस त्याच पुढे चालत होत्या, बाकीचे मागे.

तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे. ज्या गावात वाढदिवसाचा माणूस बाकीच्यांना काही दाखवू शकेल, ते गाव. तिथे तो कुणाच्या गळ्यातलं लोढणं नसतो.

म्हणून तुमच्या बाबांसाठी मी तंजावर म्हणते.

दचकू नका. तिथल्या बृहदीश्वराच्या देवळाबद्दल सगळ्यांना माहीत असतं: राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेलं, साठ मीटरहून उंच शिखराचं, १९८७ पासून जागतिक वारशात. पण त्याच देवळाच्या प्राकाराच्या, म्हणजे आवाराभोवतीच्या, भिंतीवर भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये तो कोरवून घेतला. भिंतीवर ओळींमागून ओळी, मराठीत, कावेरीच्या काठी, सगळीकडे तमिळ पाट्या असताना! शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी तिथे गेले तेव्हापासून १८५५ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा करेपर्यंत तिथे मराठ्यांचं राज्य होतं, जवळपास पावणेदोनशे वर्षं. राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं आहेत, मोडी कागद आहेत. आणि तुमचे बाबा मोडी वाचतात. तुमच्या अकरा जणांत ती भिंत समजावून सांगू शकणारा माणूस एकच असेल, आणि ज्याचा वाढदिवस आहे तोच.

ग्रंथालयाबद्दल एक सूचना. लोकांना बघायला ठेवलेला भाग लहान आहे, अर्ध्या तासात संपतो. कपाटातले कागद असे येणाऱ्या-जाणाऱ्याला काढून देत नाहीत. बाबांनी आत्ताच, स्वतःच्या अक्षरात, आपण कोण आणि काय पाहायची इच्छा आहे असं पत्र लिहावं, बरोबर मोडीच्या वर्गाचं प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत जोडावी. परवानगी मिळाली तर त्यांचा वाढदिवस तिथेच साजरा झाला. नाही मिळाली तरी पत्र लिहिण्यात त्यांचा एक महिना आनंदात जाईल. सुटीचा वार कोणता तेही त्याच पत्रात विचारून घ्या.

पायांच्या दृष्टीने बघा. देऊळ सपाट आहे. आवार प्रशस्त, चढण नाही, मुख्य गाभाऱ्याकडे जायला पायऱ्या आहेत पण भिंतीवरचा मजकूर बघायला त्या चढाव्या लागत नाहीत. चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि इथे मधुमेह असलेल्यांसाठी मी फार काटेकोर असते. अनेकांच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असते. तापलेल्या दगडावर चालताना चटका बसलेला कळत नाही, रात्री खोलीवर फोड दिसतो, आणि तो महिनाभर भरत नाही. जानेवारीतही दुपारचा दगड तापतो. सकाळी सातला जा, साडेनऊला बाहेर पडा, पायांत जाड मोजे असू द्या, आणि रोज रात्री तुमच्यापैकी एकाने बाबांचे तळवे दिव्याखाली बघायचे. तामिळनाडूतली देवळं दुपारी बंदच असतात, साधारण साडेबारा ते चार. आपल्या दृष्टीने हे वरदान आहे, दुपारची झोप आपोआप घडते.

तारखांचं मात्र नीट बघा. तिकडे परतीचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, त्यामुळे जानेवारी कोरडा आणि सुखाचा. पण १४ जानेवारीच्या आगेमागे चार दिवस पोंगल असतो. अख्खा तामिळनाडू आपापल्या गावी निघतो, गाड्या आणि खोल्या मिळत नाहीत. वैकुंठ एकादशीला तिरुचिरापल्लीजवळच्या श्रीरंगमच्या देवळात पाय ठेवायला जागा नसते, ती डिसेंबर-जानेवारीत कधीही येते, पंचांगात बघून घ्या. उलट एक गर्दी तुम्हाला हवीहवीशी वाटेल. पौष वद्य पंचमीला तंजावरपासून बारा-तेरा किलोमीटरवर तिरुवैयारूला कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची आराधना असते. शेकडो गायक-वादक कावेरीकाठी बसून एका सुरात पंचरत्न कृती गातात. आईला गाण्याची आवड असेल तर तो दिवस धरा, पण जमिनीवर बसायचं असतं, तेव्हा घडीची खुर्ची बरोबर घेऊन मागच्या बाजूला बसवा.

नातवंडं कंटाळतील ही तुमच्या वहिनींची शंका मला आत्ताच ऐकू येतेय. नऊ वर्षांच्या मुलाला देऊळ तासभर पुरतं, जास्त नाही. पण कुंभकोणम तिथून चाळीस किलोमीटरवर आहे, शेजारी स्वामीमलै. तिथे मेणाचा साचा करून ब्राँझच्या मूर्ती ओततात, वितळलेला धातू साच्यात पडताना बघायला मिळाला तर मुलं जागची हलणार नाहीत. वाटेत दारासुरमचं देऊळ, लहानसं, शांत, हिरवळीवर बसायला जागा. मान डोलावणाऱ्या तंजावरी बाहुल्या त्यांना स्वतःच्या पैशांनी घेऊ द्या. हॉटेल पोहण्याच्या तलावाचंच घ्या. तेरा वर्षांच्या मुलीला आजोबांकडून मोडीतलं स्वतःचं नाव लिहायला शिकू दे, जाण्याआधी व्हिडिओ कॉलवर दोन शनिवार पुरतील. भिंतीपाशी पोचल्यावर तिला आणि आजोबांना एकमेकांशी बोलायला काहीतरी असेल.

जेवणाचं म्हणाल तर इडली, दोसा, कापी यांत सकाळ जाते. दुपार-रात्री मात्र भातच भात, आणि साखरेच्या माणसाला तो चालत नाही. हॉटेलला आधी सांगितलं तर चपाती करतात, आपल्यासारखी मऊ नसते. आईला म्हणावं दशम्या, मेथीचे ठेपले, भाजलेले दाणे घे. ती ते तुम्ही न सांगताही घेणारच.

प्रवास. पुण्याहून चेन्नई किंवा बंगळूरूला विमान बदलून तिरुचिरापल्ली, आणि तिथून मोटारीने साठेक किलोमीटर तंजावर. रस्ता सपाट, आईला काही होणार नाही. दोन विमानांमध्ये निदान अडीच तास ठेवा. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच नोंदवा आणि नोंदवताना पर्याय नीट वाचा. “लांब चालवत नाही” आणि “जिना चढवत नाही” हे दोन वेगळे प्रकार आहेत. तिरुचिरापल्लीकडे बऱ्याचदा पंख्यांची लहान विमानं जातात. त्यांना थेट दारापर्यंतचा पूल लागत नाही, छोट्या जिन्याने चढावं लागतं. “जिना चढवत नाही” असं नोंदवलं असेल तर वर घ्यायची सोय त्यांना करावी लागते. बाबा म्हणतील, “खुर्ची कशाला, मी काय आजारी आहे?” त्यांना सांगा की खुर्चीबरोबर आईलाही रांगेतून लवकर सोडतात. आईसाठी म्हणून ते बसतील. इन्सुलिन हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत कधीच नाही. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं, आणि बॅग हरवली तर सगळंच गेलं.

चेन्नईहून रात्रीची रेल्वेही आहे, पण ती भल्या पहाटे उतरवते आणि हॉटेलची खोली दुपारी मिळते. तुमच्यासाठी नको. मात्र कधीही आई-बाबांचं रेल्वेचं तिकीट काढाल तर ते दोघांचं वेगळं काढा. ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर फक्त ज्येष्ठच, तेही जास्तीत जास्त दोघे असतील तरच लागतो. बाकीच्यांच्या नावांत त्यांना घातलंत की बाबा वरच्या बर्थवरही जाऊ शकतात. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० मध्ये बंद झाली आहे, ती धरून हिशेब करू नका.

अकरा जणांना लोक टेंपो ट्रॅव्हलर घेतात. सगळे एकत्र, गाणी, भेंड्या, छान असतं. पण तिची पायरी उंच असते, आणि दिवसातून आठ वेळा चढ-उतार म्हणजे गुडघ्याला आठ वेळा शिक्षा. एक ट्रॅव्हलर लहान आकाराची आणि एक मोटार घ्या, बाबा मोटारीत पुढच्या सीटवर. नातवंडं आळीपाळीने त्यांच्या गाडीत बसतील. तरीही मोठीच गाडी घ्यायची असेल तर घरातला लाकडी पाट बरोबर न्या. हसाल, पण माझ्या प्रत्येक गाडीत पाट असतो.

हॉटेलच्या खोलीत बाथटब असेल तर दुसरी खोली मागा. टबाचा काठ ओलांडताना घसरून पडणं हा ज्येष्ठांच्या सहलींतला मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेला अपघात आहे. कमोड किती उंच, भिंतीला धरायला दांडा आहे का, रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा राहतो का, हे फोनवर विचारता येतं आणि फोटोही मागवता येतो. आई-बाबांची खोली तुमच्या खोलीला लागून हवी, भावाच्या नको. भाऊ साडेदहा तासांच्या फरकातून आलेला असेल, त्याला रात्री दोनला टक्क जाग आणि सकाळी नऊला गाढ झोप. म्हणूनच तो आल्यावर निदान तीन रात्री पुण्यात जाऊ द्या आणि मग निघा.

वाढदिवस पहिल्या किंवा शेवटच्या दिवशी येऊ देऊ नका, तिसऱ्या दिवशी आणा. त्याआधी घरात एक गोष्ट ठरवून घ्या: तिथीने करायचा की तारखेने? बाबांना विचारा, त्यांचं मत असतं. पंचाहत्तरीची ऐंद्री शांत करायची असेल तर ती पुण्यात घरी, गुरुजींना बोलावून, जाण्याआधी आटपा. परगावी हॉटेलात होम पेटवायच्या भानगडीत पडू नका. ७५ दिव्यांनी ओवाळायची हौस सगळ्यांनाच असते. कणकेचे दिवे करून न्या, पण खोलीत लावू नका. छतावर धुराचा भोंगा असतो. एकदा एका आजींच्या औक्षणात अख्खं हॉटेल जिन्यात उतरलं होतं. हिरवळीवर, मॅनेजरला आधी सांगून, संध्याकाळी सहाला लावा.

सगळं गुपित ठेवून विमानतळावर “सरप्राइज!” करायचा विचार तुमच्या भावाच्या मनात असेल, अमेरिकेतल्या मुलांच्या मनात हमखास असतो, तर तो काढून टाका. पंचाहत्तरीच्या माणसाला दाढी-कटिंग करायची असते, महिन्याच्या गोळ्या मोजून भरायच्या असतात, तुळशीला पाणी कोण घालणार हे ठरवायचं असतं. आईला ब्लाउज शिवून घ्यायचे असतात. आणि तुमच्या बाबांना तर तंजावरच्या राजांची वंशावळ पुन्हा एकदा वाचून काढायची असेल. हे दोन महिने त्यांच्याकडून काढून घेऊ नका, सहलीचा अर्धा आनंद त्यातच आहे.

खर्चाचं भावंडांनी आपसात एकदाच ठरवा, आणि बाबांसमोर आकडा काढू नका. डॉलरमध्ये कमावणारा सगळं देतो म्हणाला तरी नाशिकच्या बहिणीला एक तरी गोष्ट पूर्ण तिच्या नावावर करू द्या. वाढदिवसाचं जेवण, किंवा गाड्या. नाहीतर ती सहा दिवस पाहुण्यासारखी वागेल.

आणि तिकिटं काढायच्या आधी रंगीत तालीम करा. एखाद्या रविवारी आई-बाबांना वाईला घेऊन जा. पुण्याहून दोन-अडीच तास, वाटेत खंबाटकीचा घाट आहे, म्हणजे आईचीही परीक्षा होईल. ढोल्या गणपती, मग मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. काही सांगू नका, नुसतं बघत राहा: किती वेळाने “जरा थांबू या” म्हणतात, पायऱ्या उतरताना कुठला हात कुठे टेकतात, जेवायला किती वाजता चिडचिड सुरू होते, परतल्यावर दुसऱ्या दिवशी गुडघा सुजतो का. वाड्यात बाबांच्या डोळ्यांकडेही लक्ष ठेवा. जाऊन आलात की गाडीतून उतरायला त्यांना किती वेळ लागला आणि कुणाचा हात धरावा लागला, एवढं मला कळवा. मग गाड्यांचं आणि खोल्यांचं बोलू.